अर्धी चटई

चटईची किल्ली मी मंगळसूत्रातच ओवली होती. हर्षल म्हणायचा, बरोबर आहे, दोन्ही शिरगाळनेच तुझ्या गळ्यात घातलेली. माझा नवरा विनोद कमी करतो, आणि करतो ते असे टोचणारे.

शिरगाळ माझं सासर, गडवली खाडीच्या उत्तरेला. समोर दक्षिणेला केळबाव, माझं माहेर. मधे खाडीचं तोंड. आईने तिकडून हाक मारली तर वारा पडलेला असताना इकडे ऐकू येते, पण गाडीने जायचं तर अर्धा तालुका फिरून पुलावरून जावं लागतं. दोन्ही गावं गाबितांची, दोन्ही मासळीवर जगणारी, आणि एकमेकांबद्दल चार शब्द बरे बोलायचे तर दोघांचीही जीभ जड होते.

एका गोष्टीत मात्र भांडण नव्हतं. खाडीच्या तोंडाशी वाळूची लांब दांडी आहे. वारा सुटला की तिच्यावर लाटा फुटतात आणि घर समोर दिसत असताना होड्या उलटतात. म्हणून जुनी रीत अशी, की वादळात जी होडी पहिली आत येईल तिने घरी जायचं नाही. तोंडाच्या आत, नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक दर्याकडे करून थांबायचं, दोन्ही गावांची शेवटची होडी आत येईपर्यंत. याला आमच्याकडे 'तोंडावर राहणं' म्हणतात. जमिनीवरून कोर्टात केस चालू असलेले भाऊसुद्धा एकमेकांसाठी तोंडावर राहिलेले मी पाहिलेत.

चटई आली आणि ही रीत गेली. कोणी ठराव करून मोडली नाही. गरज संपली, एवढंच.

चटई आणली ओक मॅडमनी. त्या पुण्याच्या, वाहत्या पाण्यावर संशोधन करणाऱ्या. पाणी खवळतं म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला जेटीवर बसून गुळाच्या ढेपेवर शिकवलं होतं. प्रवाहात आधी मोठा भोवरा होतो. तो फुटून लहान भोवरे होतात, ते फुटून आणखी लहान. ढेप फोडली की खडे, खडे कुटले की भुगा, आणि भुगा पाण्यात विरघळून जातो, तसा भोवऱ्यांचा सगळा जोर शेवटी किंचितशी ऊब होऊन पाण्यात मुरतो. फुटताना आणखी एक होतं. मोठ्या भोवऱ्याला आपण कुठल्या दिशेने आलो याची आठवण असते. लहान होता होता भोवरे ती विसरतात. अगदी बारीक भोवऱ्याला वर-खाली, आडवं-उभं, सगळं सारखंच.

मॅडमचं म्हणणं, पाण्याला दिशा विसरूच द्यायची नाही.

तळाशी खांब रोवले आणि त्यांना थरावर थर पातळ, चिवट चटया बसवल्या. किल्ली फिरवून कळ वर केली की चटया खांबांवर चढून पसरतात, अगदी होडीच्या तळाच्या खालपर्यंत. कळ खाली केली की समुद्राच्या तळाशी जाऊन निजतात. पसरलेल्या असताना पाण्याला पुढे-मागे मोकळीक, डावीकडे-उजवीकडे मोकळीक, पण वर-खाली करायला मनाई. ज्या लाटेला वर उठता येत नाही ती फुटणार कशी? पहिल्यांदा चटई पसरली त्या दिवशी दांडीवर फेस उसळत होता, आणि बघता बघता तिथलं पाणी भांड्यातल्या दुधासारखं सपाट झालं. म्हातारे तांडेल, जुने होडीप्रमुख, जेटीवर उभे होते. त्यांच्यातल्या एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचे दोन मुलगे त्याच दांडीवर गेले होते.

मी मालवणला डिप्लोमा केलेला, शिवाय दोन्ही गावांची. म्हणून जेटीवरच्या केबिनमध्ये बसून चटई सांभाळायचं काम मला मिळालं.

आता आमचा शहाणपणा सांगते. मॅडमच्या आराखड्यात चटई पूर्ण तोंडभर होती, या तीरापासून त्या तीरापर्यंत. पण दर्यात खांब रोवायचा म्हणजे देवाला कौल लावायला हवा. देवाच्या पाषाणाला फुलांच्या ओल्या कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शिरगाळने आपल्या देवाला विचारलं, आमची माणसं सुखरूप यावी म्हणून चटई घालू का? उजवी पडली. केळबावने आपल्या देवाला विचारलं, शिरगाळची चटई आमच्या पाण्यात येऊ द्यायची का? डावी पडली. देव विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. दोन्ही गावांनी एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

तेव्हा मधल्या खुटीच्या खडकापर्यंत, उत्तरेकडच्या अर्ध्या तोंडात चटई पडली. मॅडम नाराज होत्या. अर्ध्या चटईच्या कडेला काय होईल ते मला नीट सांगता येणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. पण मंजुरी आली होती, सामान येऊन पडलं होतं, आणि अर्धी तर अर्धी असं सगळ्यांनाच वाटलं.

पुढची तीन वर्षं शिरगाळचं भलतंच फावलं. पोरं वादळाच्या तोंडापर्यंत मासे मारत बसायची आणि मग एकमेकांना खिजवत, होडीला होडी लावून फुल्ल इंजिनने आत यायची. दांडी कशी ओलांडतात हे ती विसरली. धाकटी तर शिकलीच नाहीत.

केळबावची जाळी मात्र पिळली जायला लागली. खुटीच्या खडकाच्या दक्षिणेला जाळ्यांवर टाकलेले तरंगते बोये सकाळी भलतीकडेच सापडायचे. माझा धाकटा भाऊ साईश तिकडे होडी चालवतो. तो एकदा केबिनमध्ये आला आणि म्हणाला, पाणी आमच्याकडे गोल फिरतं. तोंडातलं पाणी आणि होड्या दाखवणारा पडदा केबिनमध्ये आहे, त्यावर मी पाहिलं, तर खरंच. ओक मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, आमटीवर तेलाचे थेंब पाहतेस ना? जवळ आले की काय होतं? एक होतात, मी म्हटलं. तसंच आहे हे, त्या म्हणाल्या. वर-खाली हलता येत नाही म्हणून चटईवरचे भोवरे सपाट होतात, आणि सपाट भोवरे फुटत नाहीत, जुळतात. लहानाचा मोठा होतो, मोठ्याचा आणखी मोठा. चटई तोंडभर असती तर दोन्ही तीरांना घासून त्यांचा जोर मेला असता. आता ते कडेवरून गडगडत खडकामागे जाऊन साठतात. शिरगाळचा शांतपणा फुकट नव्हता. त्याचा खळखळाट आम्ही समोरच्यांच्या अंगणात नेऊन ओतत होतो.

मॅडमनी नियम घालून दिला. भोवरा पडद्यावरच्या लाल रेघेबाहेर गेला तर चटई पाडायची, मात्र चटईवरच्या वाटेत एकही होडी नसताना. मी शिरगाळच्या लोकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, केळबाववाल्यांचं पोट दुखतं. केळबावला सांगितलं, मॅडम उपाय शोधतायत, जरा धीर धरा. दोन्ही डगरींवर हात ठेवून मी उभी होते आणि मला वाटत होतं की मी समतोल साधते आहे. त्या वर्षी भाऊबीजेला साईश आला नाही. ओवाळणीचं ताट करून मी दिवेलागणीपर्यंत बसले. शेवटी हर्षलने ताटातली करंजी उचलून खाल्ली आणि म्हणाला, येईल पुढच्या वर्षी. मला त्या करंजीचाही राग आला होता.

पुढच्या वर्षी दसरा उलटल्यावर एका दुपारी वारा फिरला. घाटात आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता, त्यामुळे खाडी मातकट पाण्याने फुगलेली, वर ओहोटी लागलेली. सगळं पाणी एकदम बाहेर धावत होतं आणि दर्या ते आत ढकलत होता. मी चटई पसरली. शिरगाळच्या होड्या नेहमीसारख्या धावत आल्या आणि माझ्या खिडकीखालून हात हलवत आत गेल्या. दोन अजून दांडीच्या बाहेर होत्या. एक वाटेत शिरली होती. ती हर्षलची, बांगडा मासळीने भरलेली, जड, हळू.

तेव्हा वायरलेसवर आवाज आला, "ताय."

वर्षभरात साईशने मला हाक मारली नव्हती.

"ताय, इंजिन पुरा दिलंय, तरी होडी गोलच फिरताहा. खडक दिसाक लागलो."

मी पडद्याकडे पाहिलं. खुटीच्या मागचा भोवरा लाल रेघ केव्हाच ओलांडून गेला होता. इतका मोठा मी कधी पाहिला नव्हता. त्याच्या पोटात एक ठिपका फिरत होता, आणि दर फेरीला खडकाच्या जवळ येत होता. त्या ठिपक्यात साईश आणि त्याचे दोन खलाशी.

मी मॅडमना फोन लावला. त्यांच्याही पडद्यावर तेच दिसत होतं.

"नियम सांगू की खरं सांगू?" त्यांनी विचारलं.

"खरं."

"त्या भोवऱ्याला जोर चटई पुरवते आहे. तू ती पाडलीस तर तो फुटेल, आणि लवकर फुटेल. पण पाण्याला वर उठायची मोकळीक मिळाली की तुझ्या बाजूला सगळं एकदम उसळेल. नाही पाडलीस तर भोवरा वाढतच जाणार. पालवी, वाटेत कोण आहे?"

"माझा नवरा."

  त्या बाईंना सगळी समीकरणं येत होती, आणि त्या क्षणी त्यांच्याकडे माझ्यासाठी एकही नव्हतं.

हर्षलला मागे वळायला सांगावं तर अरुंद वाटेत जड होडी आडवी झाली असती. आत येऊ द्यावं तर वेळ हवा होता. तितका वेळ साईशकडे नव्हता. इकडे आड तिकडे विहीर हे मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं. त्या दुपारी त्या दोन्हींत माझी माणसं होती.

मी वायरलेस उचलला. दोन्ही गावांच्या सगळ्या होड्या एकाच वाहिनीवर असतात, त्यामुळे मी बोलले ते सगळ्यांनी ऐकलं.

"पालवी बोलतंय. मी चटई पाडतंय. भायरच्यांनी थंयच रवा, नाळ दर्याकडे ठेवा. मधी आसत त्यांनी थांबू नकात, सरळ रेटा."

 मग हर्षलचा आवाज आला, अगदी शांत. "पालवी, मी अजून मधी आसंय."

"माका दिसताहा," मी म्हटलं.

 किल्ली गळ्यात असल्यामुळे कुलपाला लावायची तर मान खाली घालावी लागते, देवळात घालतो तशी.  किल्ली फिरली. मी कळ खाली ओढली.

आधी काहीच झालं नाही. मग चटया निजायला लागल्या आणि सपाट पाण्याला ठिकठिकाणी उकळी फुटल्यासारखी झाली. दांडीवर तीन वर्षांत न दिसलेली पहिली लाट उभी राहिली. माझा एक डोळा खिडकीबाहेर, एक पडद्यावर. पडद्यावरचा मोठा भोवरा लांबुडका झाला, मधे चिमटला, त्याचे दोन झाले, दोनाचे कितीतरी. ढेप फुटली. साईशचा ठिपका सुटला आणि सरळ रेषेत पळाला. खिडकीबाहेर एका लाटेने हर्षलची होडी मागून उचलली, नाळ पाण्यात खुपसली आणि तिला पालथी केली. बांगडे पाण्यावर चांदीसारखे पसरले. माणसं दिसेनात.

मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं असं नंतर सासूबाई म्हणाल्या. 

साईशला घर समोर होतं. केळबावची जेटी त्याच्या उजव्या हाताला, तिकडे पाणी आता नुसतं ढवळलेलं. मरता मरता वाचलेला माणूस घरीच जातो. पण तो ठिपका पडद्यावर वळला, खडकाला वळसा घालून आमच्या बाजूला आला आणि दांडीच्या आत थांबला, नाळ दर्याकडे करून. केळबावच्या पोरांना चटई नव्हती. ती तीन वर्षं उसळती दांडीच ओलांडत होती. लाट मागे सरली की साईश पुढे जायचा, लाट आली की मागे रेटायचा. दोर टाकून त्याने आधी हर्षलचे दोन खलाशी ओढले, एकाचा पाय मोडलेला. सगळ्यात शेवटी हर्षलला. बाहेर थांबलेल्या शिरगाळच्या दोन होड्यांना त्यानेच वायरलेसवर एकेक करून आत घेतलं. लाट मोजत, शिव्या घालत. तो तोंडावर राहिला.

हर्षलची होडी फळ्या होऊन किनाऱ्याला लागली. त्याच्या खांद्याचं हाड निखळलं होतं. ते बसलं, गळ्यात पट्टा आला, आणि तो ओटीवर बसून राहू लागला. गावात दोन तट पडले. नवऱ्याच्या जिवावर माहेर राखलं, असं काही जणी मला ऐकू जाईल इतपत हळू म्हणाल्या. हर्षल त्यावर काहीच बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मला जास्त लागत होतं. मी जेवायला वाढायची, तो जेवायचा. मी पट्टा बांधायची, तो मान पुढे करायचा.

एकदा पट्टा बांधतानाच त्याने विचारलं, "त्या भोवऱ्यात साईश नसतो, केळबावचो दुसरो कोण असतो, तर पाडलं असतंस काय चटई?"

मी त्या प्रश्नाची वाट पाहत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं, की कोणीही असता तरी पाडली असती. पण माझ्या हातात त्याचा दुखरा खांदा होता आणि तोंडातून खरं तेच निघालं.

"नाय," मी म्हटलं.

 तो म्हणाला, "मीय पाडूक नसती," आणि उठून आत गेला. मी पट्ट्याचं टोक हातात धरून तशीच उभी राहिले. तीन वर्षं तो भोवरा माझ्या पडद्यावर होता. त्यात फिरणाऱ्या होड्यांना नावं होती, त्यांत बसलेल्यांना बहिणी होत्या. चटई फक्त पाण्यात घातलेली नव्हती.

दोन्ही गावांनी पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एकत्र कौल लावला. काय विचारायचं यावरच सगळी सकाळ वादात गेली. शेवटी विचारलं, दोन्ही गावांची माणसं यावीत म्हणून तोंडभर चटई घालू का? कळी उजवी पडली. ओक मॅडम मागे हात जोडून उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता, माझं गणितही हेच सांगत होतं. पण बाकीची अर्धी चटई यायला पुढचा हंगाम उजाडणार. तोवर आहे ती तळाशीच राहील, असं ठरलं. कुलपंही दोन झाली. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी केळबावकडे, म्हणजे साईशकडे. दोन्ही एकदम लावल्याशिवाय कळ हलत नाही.

हर्षलने भावकीची जुनी होडी चालवायला घेतली. दांडी ओलांडायची सवय मोडलेली, म्हणून पहिले काही दिवस सुकाणूवर साईश बसणार होता. दोघांनी हे आपापसात ठरवलं, मला विचारलं नाही.

थंडी सुरू व्हायच्या आधी पुन्हा एकदा वारा उठला. दोन्ही गावांच्या होड्या बाहेर होत्या. मी केबिनमध्ये बसले होते. दांडीवर लाटा फुटत होत्या, एकीमागून एक, कोणाची भीडभाड न ठेवता, दोन्ही बाजूंना सारख्या. पडद्यावर मोठा भोवरा कुठेच नव्हता, नुसता भुगा. हर्षलची होडी सगळ्यांच्या आधी दांडीशी आली. माझा हात कळ वर करायला गेला. माझी किल्ली माझ्या गळ्यात होती. दुसरी साईशच्या गळ्यात, आणि साईश त्याच होडीत. हात उचलून मी मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

लाट आली, होडी दिसेनाशी झाली. मग नाळ दिसली, मग साईशची लाल टोपी, मग हर्षल, एका हाताने डोलकाठीला धरून उभा. होडी दांडीच्या आत आली. मी रडत होते आणि ते मला गालावर पाणी आल्यावर कळलं.

मी वाट पाहत होते की ती आता माझ्या खिडकीखालून जेटीकडे येईल. ती आली नाही. वळली, नाळ दर्याकडे करून थांबली. वायरलेस खरखरला.

"पालवी," हर्षल म्हणाला, "केळबावचे कोण कोण भायर आसत, नावां सांग."

मी डोळे पुसले आणि एकेक नाव सांगायला लागले.